सहीचा रकाना

"साबणाला हात का लावताय?" सूनबाईंनी बाथरूमच्या दारातून विचारलं.

"ओला आहे का बघतेय."

"का?"

"आज अंघोळ घातली की नाही ते कळतं," मी म्हटलं आणि टॉवेलकडे वळले. टॉवेलही ओलसर होता. म्हणजे इथली बाई अंग पुसून देत होती, निदान आज तरी. मी फॉर्मवर खूण केली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले. अलीकडे उठताना तोंडातून आपोआप आवाज निघतो. सूनबाईंनी तो ऐकला.

एकोणीस वर्षं मी हेच करते आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे आमचं खातं बायका पाठवतं. त्या दिवसभर घरी राहून त्यांचं सगळं करतात. ते नीट होतंय का, माणूस सुरक्षित आहे का, हे मी जाऊन पाहायचं. घरोघरी जाते, साबण पाहते, नखं पाहते, औषधांच्या पट्ट्या मोजते. पाण्याचा पेला कुठल्या हाताला ठेवलाय ते पाहते, कारण लुळ्या हाताच्या बाजूला ठेवलेला पेला संध्याकाळपर्यंत भरलेलाच राहतो. ऑफिसात माझ्या पाठीमागे मला 'भिंग' म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर आवडतंही. या वयात दुसरं कोण काय म्हणणार आहे?

या घरातून तक्रार आली होती. सूनबाईंनी स्वतः लिहिली होती, चांगली दोन पानी. 'बाईंच्या हलगर्जीपणामुळे माझ्या सासऱ्यांना पाठीवर जखम झाली, तरी योग्य ती कारवाई व्हावी.' 'योग्य ती कारवाई' या शब्दांचा अर्थ लिहिणाऱ्याला क्वचितच माहीत असतो. आमच्याकडे त्याचा अर्थ असा, की बाईचं ओळखपत्र रद्द. मग तिला दुसऱ्या कुठल्याही घरी जाता येत नाही.

ती बाई पलंगाच्या पायथ्याशी भिंतीला टेकून उभी होती. काटकुळी, चाळिशीच्या आतली. नर्स नव्हती, पण घरातले सगळे तिला सिस्टर म्हणत होते. सकाळपासून तिच्याशी कोणी बोललं नव्हतं, हे खोलीत पाऊल टाकताच समजत होतं.

"मोजे काढा आजोबांचे," मी म्हटलं.

"जखम पाठीला आहे हो," सूनबाई म्हणाल्या.

"तरी काढा."

मोजे मी सगळ्यांत आधी काढायला लावते. मोज्यात बरंच काही लपतं. आजोबांच्या टाचा स्वच्छ निघाल्या, तेल चोळलेल्या. मी सिस्टरकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

आजोबा छापखान्यात होते. अक्षरांचे खिळे जुळवण्यात उभा जन्म गेलेला. आता दोन्ही पाय गेले होते, पण जीभ शाबूत होती. सिस्टरनं आणि मी त्यांना कुशीवर वळवलं, तर म्हणाले, "जपून हां. पूर्वी एकेक अक्षर उचलत होतो. आता मलाच अख्ख्या पानासारखं उचलावं लागतंय."

माकडहाडावर रुपयाएवढी जखम होती. भोवतीची कातडी लाल. मी त्या लालीवर अंगठा दाबला, उचलला आणि मनात तीनपर्यंत मोजलं. चांगली कातडी दाबली की क्षणभर पांढरी पडते, मग पुन्हा रंगावर येते. लाल ती लालच राहिली, तर आतून बिघडायला लागलंय असं समजायचं. हे कुठलंही यंत्र न लागता, अंगठ्यावर कळतं. जखमेच्या एका बाजूची लाली पांढरी झाली, दुसऱ्या बाजूची झाली नाही.

"दुखतं?" मी विचारलं.

"पडून राहायचंच दुखणं आहे," आजोबा म्हणाले. "जखम त्यातच."

"वही द्या," मी सिस्टरला म्हटलं.

प्रत्येक घरात एक वही असते. तिचे चार रकाने. वेळ, काय केलं, बाईची सही, घरच्यांची सही. संध्याकाळी बाई निघताना घरच्या कुणीतरी शेवटच्या रकान्यात सही करायची. सिस्टरचं अक्षर मोठं आणि वळण नसलेलं होतं, पण वाचता येत होतं. मी मागे मागे गेले. नऊ तारखेला लिहिलं होतं, 'कमरेखाली लाल दिसते.' अकराला, 'लाल वाढली.' बाराला, 'हवेची गादी लागेल. दर दोन तासांनी कूस बदलली.' चौदाला पुन्हा, 'हवेची गादी अजून नाही.' सोळाला, 'कातडी सुटली.' आणि या प्रत्येक दिवसाखाली शेवटच्या रकान्यात सूनबाईंची सही, सुरेख, खाली एक रेघ ओढलेली.

हवेची गादी घरच्यांनी मागितली की खातंच देतं. मी वही त्यांच्यासमोर धरली.

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. हळूहळू खुर्चीवर टेकल्या.

"मला तोंडानं का नाही सांगितलंस गं?" त्या सिस्टरला म्हणाल्या. आवाज चढवायला गेल्या, पण चढला नाही.

"तुम्ही आल्या आल्या फोनवर असता, वहिनी," सिस्टर पहिल्यांदाच बोलली. "बाराला सांगायला गेले, तर तुम्ही 'वहीत लिही' म्हणालात."

"सही म्हणजे वाचलं असा अर्थ होतो," मी म्हटलं. हे वाक्य मी वर्षाला तीसेक वेळा तरी म्हणत असेन. ते म्हणताना मला बरं वाटतं, हे कबूल करायला हवं. एकोणीस वर्षांत मी सगळ्यांत जास्त चिडले असेन ती या शेवटच्या रकान्यातल्या सह्यांवर.

"आम्हाला वेळ कुठंय वाचायला?" सूनबाई म्हणाल्या. "सकाळी सातला घर सोडते. हे बाहेरगावी. आल्यावर स्वयंपाक, मुलीचा अभ्यास, रात्री बाबांचं सगळं मीच करते. कूस बदलते, डायपर बदलते. झोपेत असते मी करताना. पाठ बघायला दिवा लावायला पाहिजे, तो लावला की यांची झोप मोडते. तुम्ही सांगा ना, कधी बघू?"

ते सांगायचं माझ्या कामात बसत नाही. मी फॉर्मच्या शेवटच्या पानावर गेले. तिथं तीन चौकटी आहेत. दोष सेवा देणाऱ्या खात्याचा, दोष बाईचा, दोष कुटुंबाच्या दुर्लक्षाचा. कुठलीही एकच भरायची. बाईची भरली की बाई जाते. कुटुंबाची भरली तर घर असुरक्षित ठरतं आणि माणसाचं नाव वृद्धाश्रमाच्या यादीत चढतं. तिकडून परत आलेलं माणूस मी पाहिलेलं नाही.

मी तिसऱ्या चौकटीत पेन्सिलनं खूण केली. पेन्सिलनं, कारण शाई घरी जाऊन शांतपणे भरायची माझी सवय आहे. ती पेन्सिलची खूण मी सहसा बदलत नाही.

सूनबाईंनी ती पाहिली. फॉर्म उलटा होता तरी त्यांना कळलं.

"यांना तिकडे पाठवणार?"

"अहवाल उद्या सकाळी जातो. पुढचं साहेब ठरवतात."

"महिनाभरसुद्धा टिकणार नाहीत हो ते तिकडे. तक्रार मी मागे घेते. लिहून देते."

"आता तक्रारीचा प्रश्न राहिला नाही."

"अगं, कुठं पाठवतेय ती मला?" आजोबांनी भिंतीकडे तोंड करूनच विचारलं. सिस्टरनं त्यांची चादर सारखी केली.

मी जिना उतरू लागले, तर सूनबाई मागोमाग अर्ध्या जिन्यापर्यंत आल्या. त्या रडत नव्हत्या. नुसत्या दमलेल्या दिसत होत्या, माझ्याइतक्याच.

"तुमच्या घरी आहे का कुणी असं?" त्यांनी विचारलं.

"आई आहे."

"मग तुमच्या घरची वही कोण वाचतं?"

मी म्हटलं, "येते मी," आणि उतरले.

दुपारी आणखी दोन घरं झाली. एकात सगळं ठीक होतं. दुसऱ्यात म्हातारीला बाई इतकी आवडत होती की तिनं मला आत येऊच दिलं नाही, "ती चांगली आहे, तू जा," एवढंच आतून, पलंगावरून म्हणत राहिली. मी पायरीवर बसून फॉर्म भरला. मग साहेबांचा फोन आला.

"त्या जखमेच्या केसचं काय?"

"कुटुंबाचं दुर्लक्ष. वहीत सगळं आहे, रोजच्या सहीसकट."

"मग तर प्रश्नच मिटला. सकाळी दहापर्यंत टेबलावर द्या. आणि हो, तुमच्या घरची तपासणी राहिली आहे अजून. दोन वर्षं झाली. कर्मचाऱ्याच्या घरी दुसऱ्यानं जायचं असा नियम आहे. त्या नव्या मुलीला पाठवू का?"

"आमच्याकडे काय बघायचंय, साहेब? राहू द्या."

"तेही खरंच. भिंगाच्या घरी कोण काय शोधणार!" साहेब हसले. मग आपण काय बोलून गेलो ते लक्षात येऊन घाईघाईनं म्हणाले, "बरं, ठेवतो."

मलाही हसू आलं. खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं.

घरी पोहोचले तेव्हा सात वाजायला आले होते. आईचं करायला आमच्याकडे मावशी येतात, खात्याच्याच. वयानं माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण सगळी इमारत त्यांना मावशी म्हणते, म्हणून मीही म्हणते. त्यांची बस सात दहाची. त्यामुळे मी दार उघडते तेव्हा त्या खांद्याला पिशवी लावून तयार असतात. दाराजवळच्या कपाटावर वही उघडी असते, मध्ये पेन. मी चपला न काढता, उभ्या उभ्या सही करते. त्या म्हणतात, "जेवण झालंय, औषध दिलंय, येते." मी म्हणते, "बरं, सावकाश जा." दोन वर्षांत या बोलण्यात एका शब्दाचा फरक पडला नसेल.

आजही पेन हातात घेतलं. सही सुरू केली. माझी सही लांबलचक आहे आणि तिच्या खालीही एक रेघ असते. पहिलं अक्षर झालं आणि सकाळचा जिना डोळ्यांपुढे आला. हात थांबला.

"मावशी, दोन मिनिटं थांबता का? वाचते."

मावशींच्या चेहऱ्यावरचा भाव बदलला. त्यांनी पिशवी खांद्यावरून उतरवली. बस चुकणार हे माझ्या आधी त्यांना कळलं होतं.

वहीत लिहिलं होतं, 'सकाळी अंग पुसलं. केस विंचरले. अकराला कूस बदलली, एकला, तीनला, पाचला. उजवी टाच लाल. दाबून पांढरी होत नाही. आठवा दिवस.'

मी आधीचं पान पाहिलं. 'उजवी टाच लाल. सातवा दिवस.' त्याच्या आधीचं. सहावा. पाचवा. प्रत्येकाखाली माझी लांबलचक सही, खाली रेघ ओढलेली. कपाटाला धरून मी एका हातानं चपला काढल्या. उगाच काढल्या. काहीतरी करायला हवं होतं म्हणून.

"मला बोलला का नाहीत?" मी विचारलं. विचारताक्षणीच कळलं, हे वाक्य मी आज सकाळी ऐकलंय.

"आजींनी घातली शपथ," मावशी म्हणाल्या. "म्हणाल्या, तिला सांगायचं नाही. थकून येते. पण लिहायचा तर नियम आहे ना, ताई. म्हणून मी लिहीत गेले. म्हटलं, शपथ बोलायची आहे, लिहायची नाही. लिहिलं की तुम्ही वाचालच. वाचणं तर तुमचं कामच."

"आणि मी काही केलं नाही, तेव्हा?"

मावशी अडखळल्या. "तुम्ही ते नवे मोजे आणलेत ना, जाड. मला वाटलं, वाचलंत, म्हणून आणलेत. थोडं चुकीचं वाटलं मला, मोज्यानं दाब वाढतो म्हणून. पण तुम्ही यातल्या माणूस. तुम्हाला मी काय सांगणार?"

ते मोजे मी आणले होते. आठवडा झाला असेल. आई रोज म्हणत होती, "मोजे राहू दे गं, थंडी वाजते पायांना." रात्री तिची कूस मीच बदलते, खांद्याला आणि कमरेला धरून. पाठ पाहते, कंबर पाहते. पायांना ती हात लावू द्यायची नाही. आणि मी, जी परक्याच्या घरात शिरल्या शिरल्या मोजे काढायला लावते, ती दुकानात जाऊन आईसाठी आणखी जाड मोजे घेऊन आले.

मी आत गेले. आई उशीला टेकून खिडकीकडे बघत होती. तिचं उजवं अंग गेलंय. बोलते, पण एकेक शब्द शोधून आणल्यासारखं. पेला डाव्या हाताशी होता, अर्धा प्यायलेला. केस विंचरलेले. खोलीला वास नव्हता. फॉर्म भरायचा तर पहिली दोन पानं मी डोळे मिटून भरली असती.

"मोजे काढतेय," मी म्हटलं.

"थंडी," आई म्हणाली.

"नाही वाजत थंडी."

तिनं मावशींकडे रागानं पाहिलं. मावशींनी हात हलवून 'मी नाही' अशी खूण केली. उजवा मोजा निघाला. टाचेच्या मागच्या बाजूला, जिथं ती गादीवर टेकते, तिथं लाल डाग होता, मधोमध जांभळट. मी अंगठा दाबला. उचलला. एक, दोन, तीन मोजलं. लाल तसाच होता. आणखी तीन मोजलं. मग दहापर्यंत मोजलं, जसं काही मोजत राहिलं तर तो ऐकेल.

"दुखतं का गं?"

"कळत... नाही... तिकडचं." आई थांबली. पुढचं वाक्य तिनं बराच वेळ घेऊन जुळवलं. "दिवसभर... लोकांच्या... टाचा बघतेस. म्हटलं... घरी तरी... नको."

आणि ती हसली. तोंडाची डावी बाजू तेवढी हसते तिची. मलाही हसवायला बघत होती. मला हसू आलं नाही. मी तिचा पाय धरून तशीच बसून राहिले आणि पुष्कळ दिवसांनी रडले. आवाज न करता रडायची सवय आहे, पण मावशींना कळलं असावं. त्या कपाटातून छोटी उशी घेऊन आल्या.

"घोट्याच्या वर ठेवायची ना?" त्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं. माझा मान राखायला विचारत होत्या.

"हो. पोटरीखाली. टाच कशालाच टेकता कामा नये."

दोघींनी मिळून उशी ठेवली. टाच गादीपासून दोन बोटं वर, मोकळी राहिली. मावशींनी खाली वाकून, टाच आणि गादी यांच्यामधून हात फिरवून पाहिला, कुठं टेकत नाही ना म्हणून.

"कातडी फुटलेली नाही अजून," त्या म्हणाल्या. "बसेल, ताई. वेळेवर आहे."

"तुम्ही वेळेवर होतात," मी म्हटलं. "मी नव्हते."

मावशींनी पिशवी उचलली. "पुढची बस आठला आहे. जाते मी. सही राहिलीय तुमची."

"आज राहू द्या. उद्या वाचून करते."

त्या गेल्यावर मी साहेबांना फोन केला. मागे टीव्हीचा आवाज येत होता, साहेब जेवत असावेत.

"उद्या त्या नव्या मुलीला आमच्याकडे पाठवा. तपासणीला."

"अहो, दुपारी तर म्हणालात की..."

"आईच्या टाचेला लाल आहे. आठ दिवस. वहीत रोज लिहिलंय आणि रोज मी सही केलीय."

पलीकडचा टीव्हीचा आवाज कमी झाला.

"हे मला ऐकायचं नव्हतं," साहेब म्हणाले. "उशी ठेवा, मलम लावा, आठवड्यात जाईल. तुम्हाला मी काय शिकवू? फॉर्मवर आलं, तर तिसरी चौकट आहे. तुमच्या आईचं नाव यादीत जाईल. मला थांबवता येणार नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"मग पाठवा तिला. आणि सांगा, मोजे आधी काढ म्हणावं."

"विचार करून सकाळी बोला," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला. विचार करण्यासारखं मला काही दिसत नव्हतं. भीती मात्र वाटत होती, चांगलीच वाटत होती. आईला उचलून त्या लांबलचक हॉलमध्ये, ओळीनं लावलेल्या पलंगांपैकी एकावर ठेवलंय असं दिसत होतं. मी तो हॉल शंभर वेळा पाहिलाय. तिथले साबण कोरडे असतात.

पिशवीतून सकाळचा फॉर्म काढला. तिसऱ्या चौकटीतली पेन्सिलची खूण खोडली. खोडरबर जुनं होतं, एक करडा डाग राहिलाच. दुसरी कुठली चौकट भरली नाही. खाली शेऱ्याच्या जागेत लिहिलं, 'हवेची गादी तातडीनं द्यावी. बाई उत्तम काम करते, तीच ठेवावी. सही करणारी व्यक्ती दमलेली आहे. रोज संध्याकाळी बाईनं वही मोठ्यानं वाचून दाखवावी, मगच सही घ्यावी. रात्रीच्या मदतीची सोय पाहावी. आठ दिवसांनी मी स्वतः जाईन.' एवढं लिहायला शेऱ्याची जागा पुरली नाही, तेव्हा समासात लिहिलं. रिकाम्या चौकटींचा फॉर्म परत येतो. येऊ दे. मी पुन्हा असाच देईन. आठ दिवसांनी मी स्वतः जाईन हे लिहिताना मात्र हात अडला. आठ दिवसांनी हे काम माझ्याकडे असेल की नाही, मला ठाऊक नव्हतं.

मग वही घेऊन आईच्या पलंगाशी खुर्ची ओढली. चष्मा पुसला. पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

मावशींना कूस आणि औषधं यांच्यापलीकडे लिहायला कुणी सांगितलेलं नव्हतं. तरी त्यांनी लिहिलं होतं. 'आज खिडकीत मांजर आलं. आजी खूप वेळ बघत होत्या.' खाली माझी सही. 'दुपारी विचारलं, मुलगी आज लवकर येईल का. नाही म्हटलं.' खाली माझी सही. 'डाव्या हातानं स्वतः केस विंचरले. तीन वेळा कंगवा पडला.' सही. 'जुन्या शेजारीणबाईंची आठवण काढून रडल्या. मग पाणी दिलं.' सही. 'आज वाढदिवस आहे असं म्हणाल्या. ताईंना माहीत असेल.' सही, खाली रेघ.

तारीख पाहिली. मला माहीत नव्हतं. म्हणजे तारीख माहीत होती, पण त्या दिवशी चार घरं होती.

"काय... वाचतेस?" आईनं विचारलं.

"तुझी वही."

"मोठ्यानं... वाच."

मी पान उलटलं आणि जे पहिलं दिसलं ते वाचलं. "'आज आजींनी गाणं म्हटलं. दोन ओळी. छान आवाज आहे.'"

आईचे डोळे मोठे झाले. आजारपणानंतर ती गायली होती, हे मला ठाऊक नव्हतं. तिच्या चेहऱ्याकडे पाहून वाटलं, तिलाही आठवत नसावं.

"कुठलं... गं?" तिनं विचारलं.

मी पुन्हा पाहिलं. पानाच्या मागे पाहिलं.

"ते नाही लिहिलेलं."

आई छताकडे बघत आठवत राहिली. ओठ थोडे हलले, मग थांबले. तिची टाच उशीच्या पुढे, कशालाही न टेकता तशीच होती. मी खालची माझी सही झाकली जाईल असा अंगठा ठेवला आणि पुढचं वाचायला लागले.